रविवार पेठेतून आणलेले काडेचिराईत

गेल्या भाद्रपदात आठ दिवसांच्या तापातून उठले, तेव्हा अन्नावरची वासना पार उडाली होती. रक्ततपासणीत मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही नसल्याचे निष्पन्न झाले, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या संपल्या, ताप उतरून आठवडा झाला, तरी तोंडाला चव नव्हती आणि दुपार झाली की डोळ्यांची आग होत असे. आमच्या ओळखीच्या वैद्यांनी नाडी आणि जीभ पाहिली आणि कागदावर एकच ओळ लिहून दिली : काडेचिराईत, भरड ३ ग्रॅम, रात्री भिजत घालून सकाळी गाळून, १५ दिवस. कागद हातात देताना ते म्हणाले, "ताई, काडी बघून घ्या. पूड घेऊ नका." या सूचनेचे मोल मला तीन ठिकाणचा माल घरी आणून ताटात शेजारी शेजारी मांडल्यावर कळले. हे परीक्षण त्या तीन खरेदींचे आहे.

काडेचिराईत हे कडू वनौषध मला अनोळखी नव्हते. आमच्या घरी चैत्र-वैशाखात घामोळे आले, पाठीवर गळवे उठली किंवा अंगाला खाज सुटली, की आई पत्र्याच्या डब्यातून फडक्यात बांधलेल्या तपकिरी काड्या काढत असे, त्यांचे बोटभर तुकडे करून खलात ठेचत असे आणि काचेच्या पेल्यात रात्रभर भिजत घालत असे. सकाळी तो पेला समोर आला की पळायला जागा नसे. पाडव्याच्या दिवशी खाल्लेला कडुलिंबाचा पाला गूळ आणि चिंचेबरोबर निभावून नेता येई. या पाण्याला तशी सोबत नव्हती, कारण नंतर लगेच काही गोड खाल्ले तर औषधाचा गुण जातो, असा आईचा नियम होता. त्यामुळे त्या काड्यांचा रंग, त्या मोडतानाचा आवाज आणि पाण्याची चव, या तिन्ही गोष्टी मला पक्क्या आठवत होत्या, आणि पुढची सारी तुलना मी त्या आठवणीच्या आधारेच सुरू केली.

वैद्यांनी बजावूनही पहिली खरेदी मी पुडीचीच केली, कारण अशक्तपणामुळे बाहेर पडवत नव्हते आणि घरबसल्या मागवणे सोपे होते. पाकिटावर ठळक देवनागरी अक्षरांत 'चिरायता चूर्ण, शंभर टक्के शुद्ध' असे लिहिलेले होते, हिमालयाचे बर्फाच्छादित चित्र होते आणि १०० ग्रॅमची किंमत १२० रुपये होती. पाकीट उघडले तर आतली पूड हिरवी निघाली, वाळवलेल्या मेथीसारखी हिरवी. खरे काडेचिराईत दळले तर पिवळसर तपकिरी पूड मिळते, कारण त्यात मुख्य भाग काडीचा असतो आणि काडी हिरवी नसते. मग भिंग घेऊन मागची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा वनस्पतीचे शास्त्रीय नाव ॲन्ड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा असे छापलेले आढळले. ते नाव काळमेघाचे आहे. काडेचिराइताचे शास्त्रीय नाव स्वर्शिया चिरायिता. मी कंपनीला रीतसर पत्र लिहिले. त्यावर 'दोन्ही एकच समजले जातात' असे दोन ओळींचे उत्तर आले आणि पैसे परत मिळाले नाहीत. मागच्या बाजूला खरे नाव छापायचे आणि पुढच्या बाजूला दुसऱ्या वनस्पतीचे नाव व तिच्या डोंगराचे चित्र द्यायचे, ही आजारी माणसाची उघड दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळमेघ ही हलकी किंवा खोटी वनस्पती नाही, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. तीही अत्यंत कडू आहे, तापात आणि यकृताच्या तक्रारींत तिचा उपयोग परंपरेने होत आला आहे. कोकणात तिला ओले किराईत म्हणतात, आणि गोव्यात परसातून उपटून तिचा काढा करण्याची रीत अजूनही आहे. पण ती सपाटीवरची आणि उष्ण प्रदेशातली, अडुळशाच्या कुळातली वनस्पती आहे आणि तिचा कडूपणा अँड्रोग्राफोलाइड या द्रव्यामुळे येतो. काडेचिराईत हिमालयाच्या थंड उतारांवरचे, जेन्शियन कुळातले. त्याचा कडूपणा अमरोजेन्टिन, स्वर्शियामारिन अशा निराळ्या द्रव्यांचा. वैद्याने एक लिहून द्यावे आणि रुग्णाच्या पोटात दुसरे जावे, हे दोन्ही वनस्पती कडू आहेत एवढ्या सबबीवर खपवून घेता येत नाही. बाजारभावही या गोंधळाला कारण आहे. काळमेघाची लागवड सोपी, पीक काही महिन्यांत हाती येते. डोंगरातले चिराईत त्याच्या कित्येक पट महाग. शिवाय संस्कृतातले 'भूनिंब' हे नाव मुळात किराततिक्ताचे, म्हणजे काडेचिराइताचेच, असूनही अनेक ठिकाणी व्यापारी ते काळमेघाला लावतात, म्हणून नुसते नाव सांगून मागितले तर काय मिळेल याचा भरवसा राहत नाही.

दुसरी खरेदी घराजवळच्या आयुर्वेदिक दुकानातली, १०० ग्रॅमला ६० रुपये. इथे पूड नव्हती, अर्ध्या इंचाचे तुकडे होते. पण ते चौकोनी, गर्द हिरवे आणि आतून भरीव होते आणि त्यांत पानांचा चुरा बराच होता. म्हणजे हाही काळमेघच. दुकानातल्या तरुणाने निदान प्रामाणिकपणे सांगितले की घाऊक व्यापाऱ्याकडून चिराईत म्हणून हेच येते आणि दुसरे काही त्याने कधी पाहिलेलेच नाही. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण औषध विकणाऱ्याला ते औषध ओळखता येऊ नये, याचे वाईट वाटले.

तिसऱ्या वेळी मात्र रिक्षा करून पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला गेले. तिथे काष्ठौषधींची जुनी दुकाने आहेत. त्यांपैकी एका अरुंद, खोल दुकानात मी वैद्यांचा कागद दाखवला. दुकानाचे मालक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनी कागद वाचून पहिला प्रश्न विचारला, "काडे पाहिजे की किराईत पाहिजे?" त्या प्रश्नासरशी मला हायसे वाटले, कारण हा फरक ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातून चूक होण्याची शक्यता कमी. मी काडे म्हटल्यावर त्यांनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला भारा खाली उतरवायला लावला, त्यातून मुळासकटची एक अखंड जुडी काढली आणि ती माझ्यासमोर वर्तमानपत्रावर पसरून ठेवली.

ती जुडी मी उजेडात नेऊन निरखून पाहिली. जवळजवळ हातभर लांबीच्या काड्या, खालच्या बाजूला गोल आणि शेंड्याकडे चार कडांच्या होत गेलेल्या. रंग पिवळसर तपकिरी, त्यावर जांभळट झाक. फांद्या समोरासमोर फुटलेल्या. तळाशी आखूड, वाकडे, फिकट मूळ. वर थोडी सुकलेली बोंडे. मालकांनी एक काडी मधोमध उभी चिरून दाखवली. आत टोकापासून टोकापर्यंत सलग, मऊ, पिवळसर गर होता आणि तो नखाने सहज सुटून येत होता. ही खूण फार महत्त्वाची आहे. काळमेघाची काडी भरीव आणि हिरवी असते. चिराइताच्याच प्रजातीतल्या, भेसळीसाठी वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका जातीत हा गर इतका भरघोस नसतो. मंजिष्ठेच्या काड्याही कधी कधी यात मिसळलेल्या सापडतात, पण त्यांचा लालसर रंग त्यांना उघडे पाडतो. पूड झाली की या सगळ्या खुणा नाहीशा होतात, आणि म्हणूनच वैद्यांनी काडी बघून घ्या असे बजावले होते. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात या वनस्पतीच्या पर्यायी नावांत 'काण्डतिक्त', म्हणजे जिचे कांड कडू आहे ती, असे एक नाव दिलेले आहे. आपल्या मराठीतले 'काडेचिराईत' त्याच अर्थाचे आहे, आणि आमच्या आजीच्या पिढीने हा शब्द इतका नेमका वापरात ठेवला याचे मला अप्रूप वाटते.

दर १०० ग्रॅमला १८० रुपये होता, म्हणजे तिन्हींत सर्वांत महाग. पण माझ्या १५ दिवसांच्या मात्रेला ४५ ग्रॅम पुरेसे होते आणि मालकांनी जास्त घेण्याचा आग्रह केला नाही. त्यांनी ५० ग्रॅम तोलून त्यातली काडी समोरच कुटून भरड करून दिली आणि काही अख्ख्या काड्या वेगळ्या बांधून दिल्या. पुडीवर 'काडेचिराईत' असे शाईने लिहिले. घरात कुणी गरोदर आहे का, मधुमेहाची गोळी कुणी घेते का, हे त्यांनी आपण होऊन विचारले. अमुक रोग बरा होईल, तमुक दिवसांत गुण येईल, असे एक अक्षरही ते बोलले नाहीत.

आता प्रत्यक्ष औषधाविषयी. वैद्यांनी सांगितलेली पद्धत शास्त्रात 'हिम' म्हणून ओळखली जाते : एक भाग भरड आणि सहा भाग थंड पाणी, रात्रभर भिजवून सकाळी चोळून गाळायचे. ३ ग्रॅम भरडीला त्या हिशेबाने जेमतेम चार चमचे पाणी होते. वैद्यांनी मला अर्धा पेला पाणी घ्यायला सांगितले होते, तसे मी घेतले. सकाळी पाणी फिकट सोनेरी दिसते आणि त्याला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे पहिल्या दिवशी ते निरुपद्रवी वाटते. जिभेला लागताच मात्र तो कडूपणा निखळ, स्वच्छ आणि तत्काळ येतो. तो घशात उतरतो आणि अर्धा तास तरी जात नाही. यातले अमरोजेन्टिन हे निसर्गात सापडलेल्या सर्वांत कडू द्रव्यांपैकी एक असून ५ कोटी ८० लाख भाग पाण्यात त्याचा एक भाग असला तरी जीभ त्याची कडू चव ओळखते, असे सांगतात. कारल्याचा कडूपणा भाजीच्या चवीत मिसळून जातो, मेथीच्या कडूपणाला सुगंध असतो. काडेचिराइताचा कडूपणा कशातच मिसळत नाही. काळमेघाचे पाणीही तुलनेसाठी एक दिवस घोटभर चाखून पाहिले. तेही तितकेच असह्य वाटले, पण त्याला पाल्याचा उग्र दर्प होता आणि पाणी हिरवट गढूळ झाले होते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला सकाळी नऊच्या सुमारास भूक लागू लागली. आठवडाभरात वरण-भात चवीने जेवता येऊ लागला, डोळ्यांची आग कमी झाली. आजारातून माणूस असाही हळूहळू सावरतोच, त्यामुळे हे सारे श्रेय मी काडेचिराइताला देणार नाही. पण कडू रस जिभेला लागल्यावर लाळ सुटते आणि पाचक स्राव वाढतात, ही गोष्ट युरोपातल्या वैद्यकालाही जुन्या काळापासून मान्य आहे. तिथे जेन्शियनचे मूळ याच कामी वापरत. वनस्पतीशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने आपल्या चिराइताची नोंद १८१४ साली केली ती जेन्शियनच्याच प्रजातीत, आणि १८३९ साली एडिंबरोच्या औषधकोशात त्याचा समावेश झाला, तो भूक वाढवणारे कडू बल्य म्हणूनच.

आयुर्वेदात त्याचे स्थान यापेक्षा कितीतरी मोठे आहे. रस तिक्त म्हणजे चव कडू, गुण लघु आणि रुक्ष म्हणजे हलके आणि कोरडे, वीर्य शीत म्हणजे परिणाम थंड. म्हणून पित्त आणि कफ दोन्हींवर उपयुक्त. चरकसंहितेत दहा-दहा द्रव्यांचे जे गण सांगितले आहेत, त्यांपैकी स्तन्यशोधन आणि तृष्णानिग्रहण या दोन गणांत किराततिक्त येते. पहिला गण अंगावर पाजणाऱ्या आईचे दूध शुद्ध करणाऱ्या द्रव्यांचा, दुसरा तहान शमवणाऱ्या द्रव्यांचा. ज्वरचिकित्सेत ते नागरमोथा, गुळवेल आणि सुंठ यांच्या जोडीने येते. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या सुदर्शन चूर्णाचा तर ते कणा आहे : शार्ङ्गधरसंहितेतल्या पाठानुसार इतर सगळ्या द्रव्यांच्या एकत्रित वजनाच्या निम्मे किराततिक्त त्यात घालायचे असते. हे ध्यानात घेतले म्हणजे भेसळीचा प्रश्न किती दूरवर पोहोचतो ते समजते. ज्या चूर्णाचा तिसरा हिस्सा एका वनस्पतीचा आहे, तिच्या जागी दुसरी वनस्पती पडली तर ते चूर्ण नावापुरतेच तेच राहील. त्वचेच्या विकारांत, कृमींवर आणि कावीळ झाल्यानंतरच्या मंदाग्नीतही काडेचिराईत देण्याची परंपरा आहे. बंगालमध्ये 'चिरता' रात्री भिजवून सकाळी अनशेपोटी पिण्याची रीत आमच्या आईच्या रीतीसारखीच आहे.

परंपरेचा आदर राखूनही काही पथ्ये सांगणे मला कर्तव्य वाटते. ताप आला की आधी रक्ततपासणी करावी. मलेरिया किंवा डेंग्यूच्या तापात काढ्यावर विसंबून दिवस घालवणे जिवावर बेतू शकते. प्राण्यांवरील प्रयोगांत या वनस्पतीतल्या स्वर्चिरिन या द्रव्याने रक्तातली साखर उतरल्याचे दिसले आहे, म्हणून मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते सुरू करू नये. जठरात किंवा आतड्यात व्रण असलेल्यांना ते सोसत नाही, आणि गरोदरपणी ते टाळावे. आयुर्वेदीय औषधकोशात चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम दिलेली आहे. जितके कडू तितके गुणकारी, असे मानून ती वाढवण्यात शहाणपण नाही. माझ्या शेजारणीने दुप्पट भरड भिजवून घेतली आणि तिला दिवसभर मळमळत राहिले.

दुकानातल्या भाऱ्याविषयी मी मालकांना विचारले, तेव्हा माल नेपाळचा असल्याचे त्यांनी सांगितले. ते पटण्यासारखे आहे, कारण भारतात येणाऱ्या चिराइताचा मोठा भाग नेपाळातूनच येतो आणि पूर्व नेपाळचा संखुवासभा जिल्हा त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. तो भाग किरातांचा. राई आणि लिंबू हे समाज आजही स्वतःला किराती म्हणवतात. किरातांच्या डोंगरातले कडू ते किराततिक्त, असा तो नावाचा उगम आहे. काश्मीरपासून भूतानपर्यंत सुमारे १२०० ते ३००० मीटर उंचीच्या उतारांवर ही वनस्पती वाढते. पहिले वर्ष ती जमिनीलगत पानांचा गुच्छ धरून बसते, पुढे कांड वर येते, हिरवट पिवळी, जांभळी झाक असलेली फुले येतात, बी धरते आणि झाड संपते. औषधासाठी ती मुळासकट उपटली जाते. बी पडण्याआधी उपटली, तर त्या उतारावर पुढची पिढी उगवत नाही, आणि मागणीपोटी नेमके हेच होत आल्यामुळे हिमालयात अनेक ठिकाणी ती दुर्मीळ झाली आहे. आता पूर्व नेपाळात शेतकरी तिची लागवड करतात. बी धुळीसारखे बारीक असते, उगवण बेताची आणि पीक हाती यायला दोन-तीन वर्षे लागतात. १८० रुपयांचा दर मला त्यामुळेच महाग वाटला नाही. आपल्या सह्याद्रीतही महाबळेश्वरच्या पठारांवर याच प्रजातीतली, पांढऱ्या फुलांची एक कडू जात पावसाळ्यानंतर फुलते. पण ती औषधातले चिराईत नव्हे, आणि सहलीला गेलेल्यांनी ती उपटून आणू नये, अशी माझी विनंती आहे.

रविवार पेठेतल्या त्या दुकानातही उणिवा आहेत. पावती मागितल्यावर मिळाली, पण तिच्यावर मालाची तारीख नव्हती, आणि काडी कोणत्या हंगामातली आहे हे कळण्याची सोय नाही. काही औषधी गोण्यांत उघड्या ठेवलेल्या होत्या. दमट हवेत त्यांना बुरशी धरू शकते. माझ्या जुडीतल्या दोन काड्यांवर मुळाशी पांढुरकी बुरशी दिसली. मी दाखवताच मालकांनी त्या बिनतक्रार बदलून दिल्या, तरी ज्याला ओळखता येत नाही तो तशाच घरी नेईल. दुकानापर्यंत वाहन जात नाही, गर्दी फार असते आणि वयस्कर माणसाला तिथे उभे राहणेही कठीण जाते. भरड थोडी जाड होती, घरी पुन्हा खलात घालावी लागली. इतके असूनही माझी पसंती निःसंशय याच दुकानाला आहे, कारण तिथे मला औषध आधी दाखवले गेले आणि मग विकले गेले.

पंधरा दिवसांनी उरलेल्या काड्या मी फडक्यात बांधून आईच्याच डब्यात ठेवल्या. मालकांनी सांगितले आहे की दिवाळीनंतर नव्या हंगामाचा माल येतो, तेव्हा फोन करतील. मी ५० ग्रॅमच सांगून ठेवले आहे, मुळासकट आणि अख्ख्या काडीचे.